सुधारलेला घोडा

टॅम्पिनीसला आमच्या कॉन्डोत समोरच्या घरात एक नॉर्वेची बाई राहायची. तिचा नवरा आणि माझा कंपनीच्या एकाच बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचे, त्यातून ओळख झाली. तिच्या टीव्हीशेजारी वीतभर उंचीचा लाकडी घोडा होता. माझी सात वर्षांची मुलगी त्या घोड्यापायी तिच्याकडे पडीक असायची. बाईच्या वडिलांनी तो आपल्या शेतावरच्या शेवटच्या घोडीवरून कोरला होता. ट्रॅक्टर आला तरी त्यांनी ती घोडी विकली नव्हती म्हणे.

मुलगी घरी येऊन मला सगळं ऐकवायची. या जातीला फ्योर्ड म्हणतात. फार जुनी जात, नॉर्वेच्या डोंगराळ किनाऱ्यावरची. बुटके घोडे, पण चढावरच्या शेतात नांगर ओढणारे, आणि स्वभावाने अगदी गरीब. रंग पिवळसर तपकिरी. कपाळावरच्या केसांपासून आयाळीतून, पाठीवरून थेट शेपटीपर्यंत एक काळी रेघ. आयाळ कडेने पांढरट आणि मध्ये काळी. बाहेरचे केस जरा जास्त कापतात, म्हणजे मधली काळी ओळ उठून दिसते आणि आयाळ ताठ उभी राहते. व्हायकिंगांच्या जुन्या दगडांवरही अशाच आयाळीचे घोडे कोरलेत. मी पोळ्या लाटता लाटता नुसतं हं हं करायची. खरं सांगायचं तर मला तो घोडा गाढवासारखा दिसायचा.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील आजारी पडले. नॉर्वेला जाताना तिने कुंड्या माझ्यावर सोपवल्या आणि घोडा माझ्या मुलीवर.

त्या वर्षी इथे परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांची किल्ल्यांची स्पर्धा होती. किल्ला मुलांनी करायचा, हे आपलं म्हणायला. बाल्कनीत खोकी मी रचली, नर्सरीतून माती मी आणली, आळीव मी पेरले. मावळे पुण्याहून आले, पण दरवाजात उभा करायचा पांढरा घोडा बॅगेतच फुटला. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. माझी नजर त्या लाकडी घोड्यावर गेली.

मुलगी म्हणाली, "आई, कॅनॉट ला, असं नाही चालत. त्याचे केस तसेच असतात."

मला अक्कल शिकवू नकोस, म्हटलं. महाराजांच्या किल्ल्यावर असलं ध्यान शोभतं का? मी त्याला पांढराशुभ्र ऑइलपेंट दिला, खूर काळे केले आणि त्या ताठ केसांवर काळ्या लोकरीची लांब आयाळ डिंकाने चिकटवली. काय रुबाबदार दिसला! आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी घोड्याचं वेगळं कौतुक केलं आणि मी ते मिरवलं.

भाऊबीजेला ती परत आली. दारातच म्हणाली की वडील गेले, आणि तिने घोडा मागितला. मी बाल्कनीतून तो आणून दिला. तिने लोकरीवरून अंगठा फिरवला. 

"मुलांचं काय सांगावं," मी बोलून गेले, "माझी पाठ वळली आणि हिने रंगवला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईकडे बघून हळूच सॉरी म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण मी चकल्या आणायला आत गेले.

बाहेर येते तर ती मुलीसमोर उकिडवी बसून सांगत होती. आमच्या लोकांनीही हेच केलं, म्हणाली. घोडा लहान वाटला म्हणून मोठ्या जातीशी संकर केला. शिंगरं मोठी झाली, पण तो गरीब स्वभाव गेला, रूपही बिघडलं. शेवटी संकराची सगळी बाजूला काढून उरलेल्या थोड्या अस्सल घोड्यांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यामुळे तू रडू नकोस, हाही परत येईल.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी समोरच्या दारात पॉलिश पेपर घेऊन बसल्या. वडिलांनी ती रेघ तापल्या तारेने डागून काढली होती, म्हणून रंगाखाली शाबूत होती. शेपटीकडून ती थोडी थोडी दिसायला लागली. मी दाराआडून किती वेळ बघत राहणार? गेले, आणि त्यांच्यापुढे उभी राहिले.

"तो मी रंगवला होता."

बाईने मान वर केली नाही. "माहीत आहे," म्हणाली. "लहान मूल खुरांच्या कडा इतक्या नेटक्या रंगवत नाही."

माझी मुलगी जरा सरकली, मला जागा करून दिली, आणि तिने आपल्या पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा फाडून माझ्या हातात ठेवला. मला तिच्याकडे बघवेना.