सईला विचारायचं राहिलं

“अप्लास्टिक ॲनिमिया,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे बोन मॅरो, हाडांच्या आतला मगज, रक्त बनवायचंच थांबवतो. माझा सतरा वर्षांचा ओंकार शेजारी बसून हिरड्यांतून येणारं रक्त रुमालाने पुसत होता. महिनाभर आम्ही ते दातांचं दुखणं समजलो होतो.

सगळ्यात चांगला उपाय एकच होता. स्टेम सेल, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी, सख्ख्या भावंडाच्या मगजातून काढून त्याला द्यायच्या. एचएलए चाचणीत कुणाच्या पेशी कुणाशी जुळतात ते कळतं. धाकट्या सईच्या पूर्ण जुळल्या. ती नऊ वर्षांची.

मी घाबरलो. एकाला वाचवताना दुसरीला काही झालं तर? आमच्या कोरगावात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवळात कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. मी तिथेच रडलो. मुंबईच्या रुग्णालयात येऊन संमतीपत्रावर सही केली. सईला एवढंच सांगितलं, तुझंही रक्त तपासतील.

दात्याला तपासणाऱ्या डॉक्टर वेगळ्या होत्या. त्यांनी तिला विचारलं, “उद्या काय करणार, माहीत आहे?”

“रगत बघतले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“आम्ही कौल घेतला होता,” मी म्हणालो. बोलल्यावर माझेच कान तापले.

सई म्हणाली, “देवाक विचारलां? आनी माका?”

“सही तुमची चालते,” डॉक्टर म्हणाल्या, “पण सुई हिच्या कंबरेच्या हाडात जाणार आहे. तुम्ही बाहेर बसा.”

अर्ध्या तासाने सई बाहेर आली. “मी दितंय. पण दादाक सांग, परत माका बेडूक म्हणूंक जायना.”

चिडवणं बंद, या अटीवर मी हसलो. ती हसली नाही.

“ना म्हटलां आसतां, तर तू माका घरा व्हेलां आसतां, पप्पा?”

“हो, घरी नेलं असतं,” मी म्हणालो. ते खोटं होतं.

पेशी काढल्यावर सई दोन दिवस वाकडी चालली. ओंकार आता कॉलेजला जातो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझ्या मुलीला माणूस समजून विचारलं. ही वेळ तुमच्यावर आली तर मुलांना आधी विचारा. आणि ती नाही म्हणाली तर काय कराल, हे विचारण्यापूर्वी ठरवा. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.