भोकाची मिशी

आमच्या ताईच्या भोकांना मिशा फुटायच्या, आणि त्या मोजायचं काम नेमकं माझ्याकडे होतं.

हसू नका. आमच्या कारखान्यात तागाचे धागे राळेत थापून चाकांच्या खुर्च्यांच्या पाठी बनवतात. त्या पाठींना स्क्रूसाठी भोकं पाडायची ती ताईने, आणि तपासायची मी. तागाचा धागा मोठा चिवट. ड्रिलचं बिट पलीकडे निघताना तो तुटत नाही, नुसता वाकतो आणि भोकाच्या काठावर केसासारखा उभा राहतो. त्याला आम्ही म्हणतो मिशी. पण खरी भीती आतल्या पोपड्याची; मिशी दिसली की त्याचा संशय घ्यायचा. शेवटचा थर सुटला, तर बसणाऱ्याच्या वजनाने पाठ तिथूनच फाटायची.

ताईने अठरा वर्षं लोखंडात भोकं पाडली होती. अंगाचा भार हँडलवर टाकायचा आणि दाबायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. आईनंतर मला तिनेच वाढवलं, तेही साधारण त्याच पद्धतीने.

मग दोन आठवडे एकही मिशी निघाली नाही. मी जाम खूश. तेवढ्यात जोडणी विभागातून एक पाठ परत आली, स्क्रू आवळताच भोकाभोवतीचा थर उचललेला. मी त्यावर शाई लावून पुसली, तर नाण्याएवढं निळं कडं तसंच राहिलं. शाई आत, सुटलेल्या थराखाली शिरली होती. काठावर ब्लेडच्या खुणा होत्या.

माझं डोकंच फिरलं. "ताई, तू भोकांची दाढी करून माझ्याकडे पाठवत होतीस?"

"साफ करत होते. लोखंडाला नाही का आपण कानस मारत?" ती म्हणाली. तिला खरंच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मालकांनी शनिवारी परीक्षा ठेवली. चोवीस भोकं, दोनपर्यंत वाईट चालतील. त्याहून जास्त निघाली, तर ताई पॅकिंगला.

"मला खोकी चिकटवायची नाहीत गं," एवढंच ती घरी म्हणाली. मी फुगून बसले होते. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या लेकीचा कमरेचा चामडी पट्टा सैल होत होता. ताईने तो भाजी चिरायच्या फळीवर ठेवला आणि दाभण ठोकून नवं भोक पाडलं. पट्टा उलटा करून बघितला, तर काठ एकदम स्वच्छ. तिने फळीवर बोट फिरवलं.

"अगं, मागे फळी आहे," ती म्हणाली. "धाग्याला पळायला जागाच नाही."

तेव्हा कुठे तोंड उघडलं माझं. "मग उद्या लाव की फळी."

तिने खुर्चीच्या पाठीखाली लाकडी फळी घट्ट आवळली, नवं धारदार बिट लावलं, वेग वाढवला. मिशा गेल्या, तरी आठ भोकांत तीन निळी कडी निघाली. दोष हाताचा होता. बिट बाहेर पडायच्या वेळी हात हलका हवा, आणि तिथेच तिचं अंग हँडलवर झुकायचं. अठरा वर्षांची सवय. शेवटी तिने कुठूनसं एक उंच स्टूल ओढून आणलं आणि बसूनच भोक पाडायला घेतलं. बसल्यावर भार टाकणार कशाने?

"महाराणी," मी म्हटलं.

"मोज गपचूप," ती म्हणाली.

शनिवारी मालक बाजूला उभे राहिले. मी एकेका भोकाला शाई लावून पुसत गेले. बावीस भोकं चोख निघाली. तेविसाव्याला कडं राहिलं, पुसट, नखाएवढं. मालक फोनवर बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझा हात तसाच थांबला. अजून एक तपासायचं होतं, फुली एक झाली काय नि दोन झाल्या काय, पास होणारच होती. तरी तिच्या कामावर लाल फुली मारायला मन धजेना.

ताईने लाल पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "लाव फुली. त्या खुर्चीत कोणीतरी बसणार आहे."

मी फुली मारली. चोविसावं स्वच्छ निघालं. मालकांनी फोन ठेवला, कागद बघितला आणि मान हलवली. ताई मशीनवरच राहणार होती. माझा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले, ते लपवायला मी कागदावर वाकले.

ताई स्टुलावरून उतरली. एप्रनच्या खिशातून तिने मिशा कापायचं तेच ब्लेड काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"घे, पेन्सिलीला टोक काढ," ती म्हणाली. "फुली फिकी आलीये."