खोडरबराचा चुरा

नातीचं वजन करायला अंगणवाडीत गेले, तर टेबलावर रजिस्टरशेजारी खोडरबराचा चुरा पडलेला. आमच्या आधी एक अशक्त पोर वजनकाट्याच्या झोळीत लोंबत होतं. अंगणवाडीच्या ताईंनी त्याचं वजन पेन्सिलीनं लिहिलं.

"पेन्सिलीनं का हो?"

"मीटिंगआधी लाल पट्ट्यातली मुलं कमी करायला साहेब सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "पेनानं लिहिलं की खाडाखोड दिसते."

माझं डोकंच फिरलं. लाल म्हणजे हे पोर खंगतंय, याला आज खायला घाला, याला आज डॉक्टरांना दाखवा. एवढं ओरडून सांगण्यासाठीच तर हे रजिस्टर आहे. आणि हे त्याचंच तोंड दाबतात! साहेबांच्या तक्त्यात गाव हिरवंगार, आणि इथे झोळीतलं पोर रडायचंही विसरलंय. रजिस्टरात धडधाकट झालेल्या या पोराला जादा आहार द्यायचं उद्या कुणाला सुचणार आहे?

त्याला कडेवर घेऊन निघालेली आई दारातून वळली. "ताई, वजन वाढलं का हो?"

ताईंनी टेबलावरचा चुरा फुंकून टाकला.

"वाढेल," त्या म्हणाल्या. "सोमवारी मीटिंग आहे."