मावशी म्हणायचं नाही

"मावशी, खाली वॉचमनचं टॉयलेट आहे ना, तिथे न्या त्यांना."

हे मला माझ्याच घराच्या दारात सांगितलं. माझं घर. मुलुंड पूर्व, चौथा मजला, लिफ्ट आहे. दारावरची पाटी भाडेकरूची, पण खरेदीखत माझ्या नावावर आणि बँकेचा हप्ता माझ्या पगारातून. माझी आई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड धरून उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला लघवीला लागली होती. रिक्षातच लागली होती. मीच म्हटलं, थोडं धर, आता आपल्याच घरी पोचतोय ना.

आत बारसं चाललं होतं. हॉल माणसांनी भरलेला, पाळण्याला फुगे. भाडेकरूने आदल्या दिवशी फोनवर "या ना मावशी रविवारी, घर कधी सोडायचं ते बसून ठरवू" असं सांगितलं होतं. बारशाचं बोलला नव्हता. दार उघडलं ते एका पाहुण्या बाईने. तिने आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "भांड्यांना लवकर आलात का? जेवणं व्हायचीत अजून." मागे भाडेकरूची बायको उभी होती. तिने ऐकलं. ती हसली. 'अहो, या घरमालक आहेत,' एवढे चार शब्द तिला बोलता आले नाहीत. मी म्हटलं, आईला बाथरूमला जायचंय. तर ती म्हणाली, आत पूजा मांडलीय, आणि मग ते वॉचमनचं.

आडनाव सांगत नाही त्यांचं. सांगितलं की लोक माझंही विचारतात, आणि मग गोष्ट ऐकायची बंद करतात.

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. मध्येच आईचा दंडावरचा हात घट्ट झाला आणि मग एकदम सैल पडला. साडी भिजली. खाली थेंब. आईने काठी मला दिली आणि पदराने लिफ्ट पुसायला वाकली. तिचे गुडघे वाकत नाहीत, तरी वाकली. मी म्हणत होते, आई राहू दे गं, राहू दे. ती म्हणाली, "लोकांची लिफ्ट हाय." लोकांची! अगं, मी मेंटेनन्स भरते तिचा. वर जाऊन दार बडवायला हवं होतं. मी रिक्षा केली आणि आईला घरी आणलं. रडले तेही मोरीत नळ सोडून.

घर म्हणजे घाटकोपरच्या टेकडीवरची आमची खोली. संडास खाली, उताराच्या पायथ्याशी, सार्वजनिक. आई आयुष्यभर तो उतार चढली उतरली. मुनिसिपालिटीच्या इस्पितळात आया होती, लोकांचे बेडपॅन उचलले तिने. आता गुडघे गेले. सकाळी तिला उतरवायचं, रांगेत पुढे घ्या म्हणून हात जोडायचे, परत चढवायचं. दुपारनंतर ती पाणीच पीत नाही. पाणी प्यायलं तर उतरावं लागेल म्हणून. मी नर्स आहे, लघवी दाबून आणि पाणी न पिऊन काय होतं ते मी रोज वॉर्डात बघते. तेच माझ्या घरात चालू होतं.

म्हणून तो फ्लॅट घेतला. सुरुवातीला हप्ता झेपेना, म्हणून भाड्याने दिला. वाटलं, एक-दोन वर्षं भाड्यातून हप्ता जाईल, मग आईला घेऊन जाऊ. नवराबायको बघायला आले. चांगले शिकलेले, गोड बोलणारे. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, तुम्ही काळजीच करू नका."

मावशी!

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इस्पितळात मी सिस्टर. पेशंटपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळे सिस्टर म्हणतात, नाव कोणी घेत नाही. आणि हा असा माणूस आपल्याला मावशी म्हणतोय. आपलं मानतोय. घरी येऊन आईला कौतुकाने सांगितलं मी. पहिला करार अकरा महिन्यांचा, रीतसर रजिस्टर केला. तो संपला तेव्हा मी म्हटलं, नवीन करूया. तर म्हणाला, "आपल्यात कशाला कागद, मावशी?" आणि मी गप्प बसले. मावशी भाच्याकडे कागद मागते का? त्या एका शब्दाने माझी वाट लावली.

डोळे कधी उघडले सांगू? बारशाच्या किती आधी. भाडं थकलं होतं, हप्ता माझ्या पगारातून जायला लागला होता, म्हणून गेले होते, जिन्यात उभी होते, आतून आवाज आला, "मावशी, ओटा नीट पुसा हं, कालही चिकट होता." तशीच हाक. तोच गोडवा. त्यांच्या कामवाल्या बाईला. तेव्हा कळलं, हे मला आईची बहीण म्हणत नव्हते. नाव विचारायची गरज नसलेल्या बायांना जे म्हणतात ते म्हणत होते. ती बाई बाहेर आली, मला बघून हसली, म्हणाली, "तुम्ही पण इथंच करता का?" तिचा काय दोष? पण तेव्हाही मी खाली मान घालून परत आले.

बारशानंतर मात्र मी दारं ठोठावायला लागले.

सोसायटीचा सेक्रेटरी आधी. तो म्हणाला, "फॅमिली डिसेंट आहे हो, काही त्रास नाही त्यांचा." मग खाकरून विचारलं, "तुम्ही स्वतः येणार राहायला? किती माणसं?" मी म्हटलं, मी आणि आई. तो म्हणाला, "नाही, तुमच्याकडे नंतर सगळे येतात ना." तुमच्याकडे! कोणाकडे रे? भाडं बुडवणारा डिसेंट आणि मी त्रास.

पोलीस स्टेशनला बाकावर बसवून ठेवलं. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिव्हिल मॅटर आहे, ताई. कोर्टात जा." ताई तरी म्हणाला.

मामेभावाचा एक दोस्त आहे. तो म्हणाला, "चार पोरं पाठवतो, संध्याकाळपर्यंत सामान खाली. झकास काम होईल. नाहीतर तू मेन स्विच काढ ना. दोन दिवसांत पळतील." तेही केलं असतं मी. खरंच. मुलुंडला गेले, मीटर रूम उघडीच होती, माझ्या फ्लॅटच्या नंबराखालच्या स्विचवर हात ठेवला. उकाडा मरणाचा होता. वर ते बाळ असेल, पंख्याखाली झोपलेलं. मी प्रसूतीच्या वॉर्डात काढलीत इतकी वर्षं. हात मागे घेतला आणि स्वतःचाच राग आला. त्यांना माझ्या आईची दया आली नाही, मला त्यांच्या पोराची येते. गरिबाला राग पण धड करता येत नाही.

वकीलबाई भेटल्या त्या म्हणाल्या, बरं केलंत. लाइट-पाणी तोडलं असतं, कुलूप बदललं असतं, तर गुन्हा तुमच्यावरच पडला असता. पहिला करार रजिस्टर आहे, मुदत संपलीय, घर खाली करून मागायचा अर्ज टाकू. पण तो म्हणणार की बाईंनी तोंडी मुदत वाढवली. तारखा पडतील. किती? ते सांगता येत नाही. बस, एवढाच रस्ता. ज्याने घर बळकावलं तो पंख्याखाली, आणि ज्याचं घर तो रांगेत.

अर्जाची नोटीस पोचली तसा त्याचा फोन आला. मी आईचे पाय चेपत होते, फोन स्पीकरवर. "मावशी, हे कोर्ट-बिर्ट कशाला? आपण घरचीच माणसं ना?" मी नेहमीसारखी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. आई बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली,

"तू त्येची मावशी. मग मी कोण झाले?"

मी म्हटलं, कोण?

"आजी. मावशीची आई म्हंजे आजीच की. आजीला मुतायला खाली धाडत्यात का गं?"

बारशाच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्यावर बोलली. मी तिचे पाय धरून तशीच बसले. लाज वाटली. त्याची नाही, माझी. माझ्या आईने लिफ्ट पुसली तरी मी त्या हाकेला ओ देत होते.

पहिल्या तारखेला तो व्हरांड्यात भेटला. इस्त्रीचा शर्ट, गोड चेहरा. लोकांसमोर हात जोडून म्हणाला, "मावशी, आईंची तब्येत कशी आहे?"

मी म्हटलं, "मला मावशी म्हणायचं नाही."

"अहो, आदराने म्हणतो मी."

"तुमच्या आदराने माझी आई लिफ्टमध्ये भिजली. माझं नाव आहे. करारावर तुमच्या सहीच्या वरच आहे. वाचा आणि त्या नावाने बोला. नाहीतर बोलू नका."

आवाज चढला होता माझा. माणसं वळून बघायला लागली. मी बघू दिलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि नाव काही घेतलं नाही. घेताच आलं नाही त्याला. वकिलामागे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी पुढची तारीख पडली. तिलाही पुढची पडली.

अजून घर त्याच्याच ताब्यात आहे. आई अजून टेकडी उतरते. तिच्याने तारखा संपेपर्यंत निभेल का, मला माहीत नाही. रोज सकाळी तिला धरून उतरवताना मनात हेच असतं, आणि माझ्या हातात काही नाही. तो मध्यस्थ पाठवतो, थोडी मुदत द्या, पुढचं भाडं वाढवून देतो, केस काढा. मी नाही म्हणते. पुन्हा पाठवतो. पुन्हा नाही.

कागदाशिवाय मी आता कोणाशीच गोड बोलत नाही. आणि सोसायटीतल्या लोकांनी ऐकून ठेवावं, आम्ही येणार. दोघीच येऊ, नाहीतर अख्खा गोतावळा घेऊन येऊ, तो आमचा प्रश्न. दार माझ्या किल्लीने उघडेन. कलश नाही, नारळ नाही. आधी आई संडासला जाईल, तिच्या घरात, दार लावून, हवा तेवढा वेळ. आई राहिली नाही, तरी मी येईन. कुलूप उघडायच्या आधी दारावर तिच्या नावाची पाटी लावेन. पूर्ण नाव, आडनावासकट.