घरच्या माणसांचा पंखा

मामांचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? कपड्यांच्या कारखान्यातले ते सगळ्यात जुने इस्त्रीवाले. इस्त्रीच्या खोलीत दिवसभर वाफ कोंडलेली, खिडकी एकच, तीही कापडाच्या गठ्ठ्यांमागे. मामीही तिथेच उभ्याने इस्त्री करायच्या, आणि त्या आठवड्यात दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडल्या. मागणं काय, तर वाफ बाहेर ओढणारा एक पंखा. राजवाडा नव्हता मागितला!

मालकांकडे जावं तर ते खांद्यावर हात ठेवत. "मामा, आपण एक कुटुंब आहोत. घरच्या माणसांत कसल्या मागण्या?" युनियनचे सेक्रेटरी म्हणत, मालक म्हणजे केसाने गळा कापणारी जात, संपाशिवाय वठणीवर यायची नाही. सरकारी कामगार अधिकारी म्हणत, दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, बैठक लावू. बैठकीत चहा यायचा, पुढची तारीख पडायची, पंखा तेवढा यायचा नाही.

त्यात घरी जावईबापू, कॉलेजात मालक-कामगार संबंध हाच विषय शिकवणारे. त्यांना भलताच उत्साह. मालक बोलतात तो एक सिद्धांत, अधिकारी बोलतात तो दुसरा, सेक्रेटरींचा तिसरा, आणि तिघांवर जाडजूड पुस्तकं आहेत म्हणे. आतल्या खोलीत मामी डोळे मिटून पडलेल्या, आणि बाहेर हे प्रवचन. जावयाला बोलायची सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. यातला कुठला सिद्धांत पंखा बसवतो, एवढंच मामांनी विचारलं. ते परिस्थितीवर अवलंबून असतं, असं उत्तर आलं.

मामांच्या डोक्यात सणक गेली. कुटुंब ना? बरं. घरात धाकटा ऐकत नसला की माणूस थोरल्यांकडे जातो. सुट्टीच्या दिवशी ते सरळ मालकांच्या बंगल्यावर गेले आणि मालकांच्या आईपुढे बसून सगळं सांगितलं.

वरच्या मजल्यावरची आईंची खोली इतकी कोंदट होती की बोलता बोलता मामांचा सदरा भिजला.

"खिडकी रंगाने चिकटून बसलीय, दोन वर्षं झाली," म्हातारी म्हणाली. "त्याला सांगितलं की म्हणतो, आई, घरच्या माणसांनी कुरकुर करायची असते का?"

मामा उठले, खिडकीला खांदा लावून ती उघडून दिली, आणि तिथून थेट सेक्रेटरींच्या घरी गेले, संप कधी करायचा ते विचारायला.