मामाचं नाताळचं गाणं, भर आखाडात

ज्यांनी आज शमुवेल मामाच्या फोटोखाली "मंडळीचं भूषण" लिहून स्टेटस ठेवलंय, त्यांनी ते आधी काढा.

डोकं फिरलंय माझं. म्हणून लिहितेय.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. माझा मामा आमच्या गावच्या चर्चचा क्वायरमास्तर. परवा वारला, आज माती झाली.

शुभवर्तमानात बाळ पोटात असताना मरीया गाते ना, त्याला मामानं चाल लावली होती. देवानं भुकेल्यांना पोटभर दिलं, गादीवरच्यांना खाली ओढलं, असं सगळं आहे त्यात. चार आवाज. त्यातला बायांचा खालचा आवाज म्हणजे मार्थामावशी आणि तिच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया.

मामा लई तापट. सूर हलला की पेटी बंद करून ओरडायचा, "अगं, देवाला सांगायलीस का शेळ्या हाकायलीस?"

बाया हसायच्या. परत म्हणायच्या.

पण गाणं नाताळचं. आणि नाताळात या बाया कुठंतरी उसाच्या फडात. परत येणार ते ईस्टरच्या आसपास.

म्हणून मामानं एका वर्षी ईस्टर झाल्यावर रविवारच्या उपासनेत गाणं ठेवलं. बाया तेलगावहून आणलेली नवी लुगडी नेसून उभ्या राहिल्या. पहिलं कडवं संपलं आणि कमिटीचे सेक्रेटरी उठले.

"मास्तर, नाताळचं गाणं आता कावून? चर्चला काही शिस्त हाय का न्हाई?"

मामा म्हणाला, "साहेब, नाताळात ह्या बाया तुमी आणून द्या. मंग शिस्तीचं बघू."

गाणं तिथंच बंद. बाया खाली बसल्या.

त्यानंतर दर नाताळात तेच गाणं, खालच्या आवाजाशिवाय. मामा वाजवायचा. घरी येऊन ताटावर बसायचा नाही.

ईस्टरनंतर एकदा ते गाऊ द्या म्हणून आम्ही किती विनवण्या केल्या कमिटीला. एकच उत्तर, "बघू."

आज सेक्रेटरी माइकवर मामाबद्दल भरभरून बोलले. मग मोबाइलवर मातीला लावतात तो तयार ट्रॅक लावला.

मार्थामावशी उठली आणि स्पीकरची वायरच उपटली.

"साहेब, आता कंचा सण बघायचा हाय?"

तिनं खालचा सूर धरला. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. गड्यांनी त्यांचे दोन आवाज उचलले. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

सेक्रेटरी रडले. मग त्यांनीच गाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अप्रतिम!"

मला त्या रडण्याचीच चीड येतेय. जित्या माणसाला दहा मिनिटं दिली नाहीत तुम्ही! आता कोणाला दाखवताय?

मामा, चाल लई भारी झाली रे. खालचा आवाज आला की अंगावर काटा येतो.

सगळ्या गावानं ऐकलं. तूच तेवढा राहिलास.

जा आता. तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.