डोळ्याच्या कोपऱ्यातले दोन ठिपके

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाय. आधी नव्हता, आजपण नाय. हे सगळ्यात पयलं लिही, असं मी नातीला सांगितलंय, कारण लिहितेय ती, बोलतेय मी. माझी शाळा तिसरीपर्यंत. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलंय, दोन पोरं पुरलीत, नवरा जाळलाय. त्यातलं कोण कधी परत आलं नाय, कोणी हाक मारली नाय. भुताखेताचं कोण सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जायची. तवा हे जे सांगते त्याचं काय ते तुमी ठरवा. मी ठरवून दमली.

पंचाण्णव-शहाण्णवचं साल असंल. पेणजवळ आमचं हमरापूर. इथं घरोघरी गणपतीचे कारखाने. कारखाना म्हंजे काय, पत्र्याची शेड, मधी फळ्या, फळ्यांवर गणपतींच्या रांगा. मी आप्पांच्या कारखान्यात डोळे आखायची. मूर्ती कितीपण सुंदर असू दे, डोळे आखल्याबिगर ती माती. पांढरा भरायचा, वरची काळी रेघ एका दमात ओढायची, बुबुळ ठेवायचं, आणि शेवटी नाकाकडच्या कोपऱ्यात लाल ठिपका. रेघ मधी थांबली की डोळा रडका दिसतो. परत ओढता येत नाय.

हे काम आधी माझा नवरा करायचा, तिथंच, आप्पांकडं. त्याचा हात लई मोठा. मी त्याच कारखान्यात उंदीर रंगवायची, पितांबर रंगवायची. डोळे त्यानं मला कधी शिकवले नायत. शिकवायचं लांब, मी बाजूला येऊन बसली की हा पाठ फिरवून बसायचा, मूर्ती अंगानं झाकून. बायकांची नजर पडली की रेघ वाकडी जाते म्हणायचा. मी उंदीर रंगवता रंगवता त्याच्या कोपराकडं बघून शिकली. कोपर कसा जातो त्यावरून रेघ कशी गेली असंल ते डोक्यात धरायची, आणि घरी चुलीपाशी राखेत बोटानं ओढून बघायची.

तो काविळीनं गेला. पिणं व्हतंच. सिझन तोंडावर, आप्पांकडं डोळ्यांना माणूस नाय. मी बोलली, मी आखते. आप्पा हसले, पण एक मूर्ती दिली समोर. आखून झाल्यावर हसले नायत. त्या दिवसापासून ती जागा माझी. खिडकीखालची, उजेडाची. नवऱ्याच्या नि माझ्या डोळ्यांत एकच फरक. तो कोपऱ्यात लाल रंगाचे दोन ठिपके लावायचा, एकाला चिकटून एक. मी एकच लावायची. मुद्दाम. त्याचं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

अकरा सिझन मी तशी बसली. मंग हात हलायला लागला.

उजवाच. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, कोणी जपमाळ ओढतंय असे. काम नसलं की जास्त. मी हात मांडीखाली दाबून बसायची, पाणी डाव्या हातानं घ्यायची. माझ्या शेजारी शेवंता बसायची, रंग कालवायला. तिला कळलं व्हतं. मंग एके दिवशी मोठ्या मूर्तीची रेघ घसरली. आप्पांनी स्वतः येऊन ओल्या फडक्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी पेणवरून एक जवान पेंटर आला आणि दाराशी नुसता बसून राहिला. चहा प्यायचा, माझ्या हाताकडं बघायचा. मला काय ते समजलं. ती खिडकीखालची जागा गेली असती तर माझ्यापाशी माझं म्हणावं असं काय उरलं नसतं. घर दिराचं, नाव नवऱ्याचं, लेक सासरी. डोळे तेवढे माझे व्हते.

माझ्या बहिणीचा मुलगा मोहन रोह्याला केमिकल कंपनीत व्हता. शिफ्ट सुटली की बुद्धीच्या कॅप्सूल विकायचा, दहावीच्या पोरांच्या आयांना. तपकिरी बाटली, लेबलावर अक्रोडासारखा मेंदू. माझा हात बघून तो बोलला, मावशी, हे मेंदूत रस कमी पडल्यामुळं. डोपामिन नावाचा रस. तो असला की हात ऐकतो, मन कामाला लागतं, माणूस खुश राहतो. आणि या कॅप्सूलमधी खाजकुयलीच्या बियांची पावडर हाय, तिच्यातून तो रस तयार व्हतो.

खाजकुयली मला नवी नाय. डोंगरात गवताला गेलं की शेंग अंगाला लागायची आणि दोन दिवस माणूस स्वतःला ओरबाडायचा. ती खाल्ल्यावर हात थांबतो म्हणे. मी बोलली, तू कंपनीत काय हुंगतोस रे? तो हसला नाय. एवढंच सांगून गेला की कॅप्सूल उघडू नको, अख्खी गिळ. पावडर घशाला लागली तर जन्माची खाज.

मला त्याचा संशय व्हता. बाटलीचा व्हता, लेबलाचा व्हता, आणि फुकट दिली याचा तर जास्तच. पयली कॅप्सूल मी भाकरीच्या तुकड्यात कोंबडीला घातली आणि दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं अंडं घातलं, तवा मी घेतली. विश्वासानं नाय. दाराशी तो पेंटर बसला व्हता म्हणून.

आठवड्यानं, दुपारची जेवणं झाल्यावर, मी ब्रश उचलला आणि हात थांबला. हळूहळू कमी झाला असं नाय. थांबला. कोणी मनगट धरल्यासारखा... आतल्या बाजूला अंगठा, वरून चार बोटं. मी हात झटकून बघितला. काय नाय. परत ब्रश धरला, परत ती पकड. रेघ अशी गेली की शेवंतानं रंग कालवायचा थांबवला.

मंग मी सुटलीच. आधी दिवसाला जेवढे डोळे व्हायचे त्याच्या दुप्पट व्हायला लागले. भूक नाय, पाठ दुखत नाय, उठावंसं वाटत नाय. एक संपली की दुसरी मूर्ती ओढायची. मनात नुसतं गोड गोड. मला त्याचाच पयला संशय आला खरा तर. एवढं बरं वाटायची मला सवय नाय. पण पेंटर चार दिवसांत निघून गेला, आप्पा मला परत वैनी म्हणायला लागले, मंग मी संशय बाजूला ठेवला.

श्रावण लागला तवा रोह्याचे एक गुरुजी मूर्ती पसंत करायला आले. म्हातारे, दरवर्षी आप्पांकडचीच न्यायचे. रांगेसमोर उभे राहिले, चष्मा पुसला आणि आप्पांना बोलले,

"धोंडूचा हात परत दिसतोय. कुठं सापडला?"

धोंडू म्हंजे माझा नवरा. आप्पा बोलले, गुरुजी, त्याला जाऊन अकरा-बारा वर्षं झाली, ही त्याची बायको आखते. गुरुजी माझ्याकडं बघून हसले, म्हणाले छान उचललंत, ठिपक्यांसकट.

मी उठून रांगेकडं गेली. जवळ जाऊन एकेका मूर्तीचा कोपरा बघितला. दोन. सगळ्यांना दोन. एकाला चिकटून एक.

मी एकच लावत व्हती. हातातल्या ब्रशची शपथ. एक टेकवायचा, उचलायचा, मूर्ती सरकवायची, हे मी झोपेत करीन. मला वाटलं शेवंता माझी चेष्टा करतेय, माझ्यामागून दुसरा ठिपका लावतेय. तिला काय विचारलं नाय. मी नुसतं बोलली, माझ्या समोर येऊन बस आणि बघ. ती आली. मी ब्रश लालमधी बुडवला, टेकवला, उचलला. "किती?" विचारलं.

"दोन."

"नीट बघ."

"अगो बायजा, दोन लावलेस. पयला लावलास, हात उचललास नि परत टेकवलास. मी आंधळी हाय का?" मंग रंगाची वाटी खाली ठेवून ती बोलली, "आणि एक सांगू? तू आता पाठ फिरवून बसतेस. महिना झाला. मला रंग द्यायला वळसा घालून यावं लागतं."

मी बघितलं. मी खिडकीकडं पाठ करून बसली व्हती. उजेड सोडून. मूर्ती अंगानं झाकून.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेली नाय. रामवाडीच्या एसटी स्टँडवर येऊन रोह्याची एसटी धरली, बाटली पदरात. मोहनकडं आधी नाय गेली. स्टँडजवळच्या डॉक्टरकडं गेली, बहिणीच्या दम्यामुळं ते ओळखीचे व्हते. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडमिट करायला लावली. म्हणाले, बाई, हा कंपवात. मोहननं सांगितलेलं खोटं नव्हतं तर. मेंदूत तो रस कमी पडतो हे खरं, खाजकुयलीत त्याचं बी असतं हेपण खरं. आणि असली औषधं जास्त झाली तर माणसाला भलतंसलतं दिसतं, वाटतं, हातून एकच काम परत परत व्हतं. तेपण खरं. मला जरा हलकं वाटलं. म्हंजे नवरा नाय, औषध. औषध सोडता येतं.

मंग त्यांनी एक कॅप्सूल घेतली आणि दोन बोटांनी उघडली. मी खुर्ची मागं घेतली. खाज यायची वाट बघितली. काय नाय. त्यांनी कागदावर पावडर ओतली, वास घेतला, कपाळाला आठी घातली. ती पावडर तांबूस करडी व्हती आणि तिचा वास मला टेबलाच्या पलीकडून आला. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

नाचणीचं पीठ. भाजलेलं.

जन्मभर खाल्लंय मी ते, चूक व्हायची नाय. मी सगळ्या कॅप्सूल तिथंच उघडल्या. सगळ्यांत नाचणी. डॉक्टर पयले हसले, मंग माझं तोंड बघून थांबले.

"मंग हात कशानं थांबला?" मी विचारलं.

त्यांनी चांगलं समजावून सांगितलं. म्हणाले, औषधावर माणसाचा पक्का विश्वास बसला तर मेंदू तो रस आपण होऊन थोडा सोडतो, असं व्हतं. पिठानंपण व्हतं. विश्वासाचा गुण.

"डॉक्टर," मी बोलली, "मी पयली कॅप्सूल कोंबडीला घातलेली."

त्यांनी पिठाचा कागद गुंडाळून बाजूला ठेवला. मंग म्हणाले, घेतलीत ना पण शेवटी? कुठंतरी आशा असणार. असंल. मला आठवत नाय. मला आठवतो तो दाराशी बसलेला पेंटर. आणि समजा आशेनं हात थांबला. दुसरा ठिपका कोणाच्या आशेनं लागला? त्यावर त्यांनी माझ्यासाठी खऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

मी मोहनच्या घरी जाऊन थांबली. तो संध्याकाळी कामावरून आला आणि बाटली बघून खाली बसला. त्यानं लगेच कबूल केलं. वरून माल यायचा बंद झाला व्हता, तो नि त्याची बायको घरी बसून रिकाम्या कॅप्सूल भरायची. माझी बाटली पयल्यापासून तशीच. म्हणाला, मावशी, पण तुला गुण आला ना? मी बाटली तिथंच ठेवली. त्याच्या बायकोच्या हातचा चहा घेतला आणि निघाली. त्या धंद्याचं पुढं काय झालं ते त्याचं त्याला माहीत.

सकाळी मी कारखान्यात आली. सिझन संपायला पंधरा दिवस. डॉक्टरच्या गोळ्या अजून आणल्या नव्हत्या, त्या पेणला मिळायच्या. बसली, तोंड खिडकीकडं करून. ब्रश उचलला तर मनगटावर ती पकड आलीच. पोटात पीठपण नव्हतं त्या दिवशी. अंगठा आत, चार बोटं वर. माझ्या हातात त्याचा हात, आणि पुढ्यात कोरी मूर्ती. मला ठाऊक व्हतं, गप्प बसली तर रेघ सरळ जाणार, जागा राहणार, आप्पा खुश राहणार. सगळं राहणार, मी सोडून.

शेवंता समोर व्हती, तिनं ऐकलंय. मी बोलली, "सोड. हा हात माझा हाय."

हळू बोलली, भांडण नाय केलं. पकड जरा तशीच राहिली, आणि सुटली. सुटली तशी बोटं परत माळ ओढायला लागली, आधीपेक्षा जास्त. मी तशीच रेघ ओढली. ती मधी दोनदा थरथरली. बुबुळ ठेवलं. लाल ठिपका लावला आणि शेवंताला विचारलं. "एक," ती बोलली.

आप्पा मागं उभे व्हते. त्यांनी मूर्ती उचलून उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, वैनी, उद्यापासून उंदीर घ्या. वाईट बोलले नायत. त्यांचा धंदा व्हता. पेंटर परत आला आणि खिडकीखाली बसला, मी माझ्या जुन्या जागी. ती एक मूर्ती कोणी घेईना. शेवंतानं नेली. तिच्या घरी पाच दिवस मी रोज आरतीला गेली, आणि रोज त्या डोळ्यांकडं बघितलं. रडके नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे व्हते, पाणी आलेले.

खऱ्या गोळ्या मी आजपण घेते, दिवसाला तीन. हात बराच ऐकतो. डॉक्टर बदलले, आता नात नेते मला, तिनं हे सगळं त्या नव्या डॉक्टरला सांगून बघितलं. तेपण तेच म्हणाले, डोपामिन, विश्वास, भास. तिन्हींतलं कोणतं, ते नाय सांगितलं. खऱ्या गोळीनं कधी कोणी माझं मनगट धरलं नाय. पिठानं धरलं. का, ते मला आजवर कळलं नाय.

नाचणीची भाकरी घरी अजून व्हते, मी खाते. फक्त तुकडा मोडताना हाताकडं बघते.